डोंगराची रोजकीर्द



ज्वालामुखीचे चित्र आज आपल्या घरातले सहावी-सातवीतले पोरही काढते. मधे डोंगर, पोटात नळीसारखी पोकळी, वर धूर आणि कडेने ओघळणारा तांबडा रस. पण कॅमेरा निघाला नव्हता, भूगर्भशास्त्र नावाचा विषय कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, त्या काळी असले चित्र काढायचे तर जळत्या डोंगरावर पाय टाकावा लागे.

इटलीत नेपल्स शहराच्या शेजारी व्हेसुव्हियस नावाचा डोंगर आहे. १७६४ साली विल्यम हॅमिल्टन नावाचा इंग्रज तिथल्या दरबारी राजदूत म्हणून आला. गृहस्थ खानदानी, पैशाला कमी नाही. पण त्याला छंद लागला डोंगर चढण्याचा. पन्नासाहून अधिक वेळा तो शिखरापर्यंत गेला. जे दिसेल ते पत्रांतून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवायचा. १७६७ च्या ऑक्टोबरात डोंगर एकाएकी फाटला तेव्हा हे साहेब तिथेच होते. बरोबरचा शेतकरी वाटाड्या पळत सुटला, साहेबही त्याच्या मागोमाग, आणि जवळजवळ तीन मैल दोघे थांबले नाहीत. स्वतःची ही फजिती त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. म्हणून त्याच्या बाकीच्या लिहिण्यावरही माझा विश्वास बसतो.

शहरात त्या वेळी काय चालले होते? लोकांनी संत जानुआरियसचे अवशेष बाहेर काढून डोंगराच्या दिशेने मिरवणूक नेली. आपल्याकडे पाऊस लांबला की देव पाण्यात घालून ठेवतात, त्यातलाच प्रकार. विद्वानांचेही फारसे वेगळे नव्हते. खुर्चीत बसून पृथ्वी कशी घडली यावर ते जाडजूड ग्रंथ लिहीत. अशा न पाहता लिहिणाऱ्यांवर हॅमिल्टनचा राग होता.

पण पाहिलेले दुसऱ्याला पटवायचे कसे? नुसत्या शब्दांनी भागेना. मग त्याने पिएत्रो फाब्रिस या चित्रकाराला कामाला लावले. राखेचा थर राखेच्याच रंगाचा, लाव्हा लाव्हाच्याच रंगाचा दिसला पाहिजे, शोभेसाठी काही वाढवायचे नाही, अशी ताकीद. १७७६ साली नेपल्समध्ये ‘काम्पी फ्लेग्रेई’ हा ग्रंथ निघाला. त्यात ५४ चित्रे, प्रत्येक प्रतीतले प्रत्येक चित्र हाताने रंगवलेले. १७७९ च्या स्फोटानंतर आणखी पाच चित्रांची पुरवणी निघाली. हॅमिल्टनने चित्रकाराचे नाव झाकले नाही, उलट त्याची तारीफ केली. त्या काळच्या साहेबाच्या मानाने हे कमी नाही.

काही चित्रे मुद्दाम सांगण्यासारखी आहेत. एकात १७६७ च्या स्फोटाआधी शिखराचा आकार महिन्यामहिन्याला कसा बदलत गेला ते एकावर एक रेषा काढून दाखवले आहे. लेकराची उंची आपण भिंतीवर खुणा करून मोजतो तसे. एकात पाँपेई येथे जमिनीखालून निघालेले इसिस देवीचे मंदिर आणि त्याला गाडून टाकणारे दगडमातीचे थर आहेत. शेवटी शेवटी तर नुसते दगडच आहेत, हातात घेऊन पाहावेत इतके जवळून काढलेले.

आणि एक मोंते नुओवोचे, म्हणजे नव्या डोंगराचे. १५३८ च्या सप्टेंबरअखेर सपाट जागेतून राख-दगड उसळू लागले आणि आठवड्याभरात सव्वाशे मीटरहून उंच डोंगर उभा राहिला. सगळे डोंगर सृष्टीच्या आरंभी एकदाच घडवून ठेवले, असे मानणाऱ्यांसमोर हे चित्र ठेवले की वाद कुठून सुरू करायचा हेच त्यांना कळू नये! ज्वालामुखी नुसता नाश करत नाही, जमीन बांधतोही, हे हॅमिल्टनचे म्हणणे होते. आपला सह्याद्रीही लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला आहे. अजिंठा आणि कार्ल्याची लेणी त्याच काळ्या दगडात कोरलेली आहेत.

ग्रंथावर नाव हॅमिल्टनचे, चित्रांवर फाब्रिसचे. पण वाट दाखवणारा होता बार्तोलोमेओ पुमो, एका डोळ्याचा. कुठला लाव्हा वरून थिजलेला पण आतून वाहता आहे, पाय कुठे ठेवायचा, हे त्याला ठाऊक. तो नसता तर राजदूत केव्हाच होरपळला असता.

आणखी एक माणूस मला फार आवडतो, कदाचित मी कारकून असल्यामुळे असेल. फादर अंतोनियो पियाज्जो. जळून कोळसा झालेल्या प्राचीन गुंडाळ्या हलक्या हाताने उलगडण्याचे काम करणारा हा धर्मगुरू डोंगराच्या पायथ्याशी राहत असे. हॅमिल्टनच्या सांगण्यावरून १७७९ पासून त्याने व्हेसुव्हियसची रोजकीर्दच ठेवली. आज धूर किती, कोणत्या दिशेला, रात्री उजेड होता की नाही, आणि जोडीला छोटे रेखाचित्र. काही घडले नाही त्या दिवसाचीही नोंद. अशी पंधरा-सोळा वर्षे. १७९४ च्या जूनमध्ये मोठा स्फोट होऊन तोर्रे देल ग्रेको हे गाव लाव्ह्याखाली गेले आणि डोंगराचा माथाच ढासळला. आधीचा डोंगर कसा होता आणि नंतरचा कसा, हे सांगायला पियाज्जोच्या वह्या होत्या. दोन वर्षांनी तो वारला. त्या वह्या आज लंडनला रॉयल सोसायटीच्या दप्तरात आहेत.