गोठलेल्या जमिनीखालचा गॅस

उणे ४० तापमानात गॅस काढायचा म्हणजे मुख्य शत्रू थंडीच असणार ना? पुण्यात पारा १० वर आला की कानटोपी शोधणाऱ्या आपल्यासारख्यांना तसंच वाटणार :-) पण रशियाच्या उत्तरेला, यमाल द्वीपकल्पावर, गंमत वेगळीच आहे. तिथले इंजिनिअर थंडीशी भांडतात हे खरं, पण त्याहून जास्त धडपड जमिनीतली थंडी टिकवायला करतात.

यमालचा नेनेत्स भाषेतला अर्थ 'जमिनीचा शेवट'. तिथलं बोव्हानेन्कोव्हो गॅसक्षेत्र सापडलं १९७१ मध्ये, आणि गॅस सुरू झाला २०१२ मध्ये. मधे अख्खा सोव्हिएत युनियन मोडला! (आपलं प्रोजेक्ट दोन महिने लांबलं म्हणून ओरडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) माणसं आणि सामान न्यायला आधी ५७२ किलोमीटर रेल्वे टाकावी लागली.

या भागात जमीन शेकडो फूट खोल कायमची गोठलेली असते. पर्माफ्रॉस्ट म्हणतात तिला. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो आणि सगळीकडे चिखल. खोलातून येणारा गॅस या जमिनीच्या मानाने उबदार. त्या उबेने विहिरीभोवतीचा बर्फ वितळला की जमीन खचणार आणि विहिरीचा पाईप वाकणार. म्हणून पाईपांना उष्णता अडवणारं आवरण घालतात. इमारती खांबांवर उचलून खालून वारा खेळता ठेवतात. गॅस पाईपलाईनमध्ये सोडण्याआधी चक्क शून्याखाली थंड करतात.

मला सगळ्यात आवडली ती एक साधी बंद नळी. खालचं टोक जमिनीत, वरचं हवेत, आत अमोनियासारखा द्रव. तो खाली जमिनीची उष्णता घेतो, वाफ होऊन वर जातो, बाहेरच्या थंडीत पुन्हा द्रव होऊन खाली घरंगळतो. वीज नाही, पंप नाही. उन्हाळ्यात वरचं टोक गरम झालं की हे चक्र आपोआप थांबतं. इतकं स्वच्छ डिझाईन आमच्या कोडमध्ये क्वचितच दिसतं.

पण ही नळी हिवाळ्याच्या भरवशावर चालते! आणि १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतंय. म्हणजे जे जाळायला गॅस काढायचा, त्याच जाळण्याने विहिरीखालचा पाया मऊ करायचा. ज्या लायब्ररीवर आपला प्रोग्राम उभा आहे, तीच रोज थोडी थोडी डिलीट करण्यासारखं झालं हे.

२०२० मध्ये नोरिल्स्कजवळ डिझेलच्या टाकीचे आधार खचले आणि सुमारे २१,००० टन डिझेल सांडलं. कंपनीने वितळत्या जमिनीकडे बोट दाखवलं, सरकारी तपासात बांधकामाच्या आणि देखरेखीच्या चुका निघाल्या. माझ्या मते यात 'किंवा' नाहीच. जमीन बदलतेय हे माहीत असताना ती तपासत न राहणं हीच चूक.

एवढ्यावरून उद्या सकाळी गॅस बंद करा असं मी म्हणणार नाही. माझा स्वयंपाकही गॅसवरच होतो. पण 'कोळशापेक्षा स्वच्छ आणि स्वस्त' म्हणताना हिशेब पूर्ण मांडा की राव! विहीर आटल्यावर ती जमीन गोठलेली ठेवायचा खर्च कोणाच्या नावावर? आणि नेनेत्स लोकांचं काय? नोव्हेंबर २०१३ मध्ये यमालवर बर्फावर पाऊस पडला, वर कडक थर गोठला, आणि खालचा चारा उकरता न आल्याने त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडिअर उपाशी मेले. संशोधकांनी त्या पावसाचा संबंध जवळच्या समुद्रावरचं बर्फ कमी होण्याशी जोडला. कळप उभा करायला पुढे कित्येक वर्षं जातात. गॅसच्या कुठल्याच बिलात ती धरलेली नसतात.