उघड्या वहीचे घर

मृगाच्या सरी कोसळण्यापूर्वी मुखेडच्या बाजारपेठेत एक दृश्य दरवर्षी दिसते. बियाणे आणि खते नेण्यासाठी आलेला शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो. आत दुकानदाराची वही उघडी असते. गेल्या हंगामाची बाकी नेमकी किती, हे त्या वहीत आणि दुकानदाराच्या डोक्यात पक्के असते. ज्याच्या नावावर ती बाकी आहे, त्याला मात्र ती अंदाजानेच ठाऊक असते. घरी गेल्यावर घरची लक्ष्मी विचारते, ‘किती झाले?’ उत्तर येते, ‘बघू.’ या एका ‘बघू’पायी मराठवाड्यातील कितीतरी घरांची झोप उडालेली आहे.

आपल्याकडे प्रकृतीची चौकशी मोकळेपणाने होते. गुडघे दुखतात, साखर वाढली, हे पारावर बसून सांगण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. कर्जाविषयी मात्र मौन पाळले जाते. वास्तविक दोहोंचा संबंध अगदी निकटचा आहे. राज्य शासनालाही हे उशिराने का होईना, पटले. २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आरोग्य विभागाने ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. खचलेल्या शेतकऱ्यापर्यंत आशा कार्यकर्तीने पोहोचावे, त्याला समुपदेशन मिळावे, ही त्यामागील कल्पना. कर्जाची चिंता हा आरोग्याचाही प्रश्न आहे, याची ती जाहीर कबुलीच होती.

मुखेड हा बालाघाटाच्या रांगेतला, हलक्या जमिनीचा तालुका. पाऊस रुसला तर दुष्काळ, आणि कोसळला तर काय होते ते ऑगस्ट २०२५ मध्ये हसनाळ, रावणगाव या गावांनी पाहिले. रात्रीतून घरांत पाणी शिरले, माणसे दगावली, गोठ्यातली जनावरे गेली. सोयाबीनचा भाव शेतकऱ्याच्या हातात नाही आणि ढगही नाहीत. तेव्हा ‘हिशेब ठेवा म्हणजे सुखी व्हाल’ असा उपदेश शहरात बसून करणे निव्वळ उद्धटपणाचे ठरेल. हिशेबाने पाऊस पडत नाही. पण ज्या थोड्या गोष्टी माणसाच्या हातात उरतात त्यांत स्वतःचे देणे अचूक ठाऊक असणे ही एक आहे, आणि नेमकी तीच आपण सोडून दिली आहे.

व्याजाचेच घ्या. गावात ‘तीन टक्क्याने उचलले’ असे सहज म्हटले जाते. हे तीन टक्के महिन्याचे असतात. म्हणजे वर्षाचे सरळ व्याज छत्तीस टक्के. व्याजावर व्याज चढत गेले तर बेचाळीसच्याही पुढे. पन्नास हजारांच्या अशा कर्जाला महिन्याला १,५०० रुपये नुसते व्याज पडते. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत बहिणीच्या खात्यात महिन्याला जमा होऊ लागलेली रक्कमही तेवढीच होती, हा योगायोग फार बोलका आहे. ज्या घरात असे कर्ज आहे आणि गृहिणीला ते माहीत नाही, त्या घरात एका हाताने आलेले दुसऱ्या हाताने जाते, आणि कुठे गेले हे तिला उमगतही नाही.

याउलट पीककर्जाची स्थिती पाहा. केंद्राची आणि राज्याची व्याजसवलत मिळून, मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला महाराष्ट्रात २०२१ च्या खरिपापासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडू लागले. तरीही अनेक जण मुदत टाळतात. कारण उघड आहे. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन कर्जमाफ्या पाहिलेला माणस पुढच्या माफीची वाट पाहतो. त्याला दोष देणे सोपे आहे. प्रत्येक निवडणुकीत ही आशा पेरणाऱ्यांना दोष देणे अधिक न्याय्य होईल. परंतु वाट पाहण्याची किंमत तोच मोजतो. खाते थकीत झाले की बँकेचे दार बंद होते आणि शून्य टक्क्याचा माणूस छत्तीस टक्क्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ मध्ये नांदेडला स्थापन झाली ती ग्रामीण माणसाला दुसऱ्या दारी जावे लागू नये म्हणूनच, हे विसरता येत नाही.

तांड्यांवरची आणि वाड्यांवरची गोष्ट आणखी अवघड. ऊसतोडीला जाणारे जोडपे म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतली जाते, आणि पती-पत्नी दोघे मिळून ती हंगामभर फेडतात. घाम दोघांचा, उचलीचा आकडा मात्र बहुधा एकालाच ठाऊक. किती टन तोडला, किती फिटले, किती राहिले, हे मुकादमाच्या वहीत. अशा जोडप्याने स्वतःची दोन पानांची वही ठेवणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखवणे नव्हे. आपल्या घामाची ती नोंद आहे.

या भागात बसवेश्वरांच्या कायक आणि दासोह या शिकवणीचा मोठा वारसा आहे. कल्याणच्या शरणांपैकी आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या दांपत्याची कथा इथल्या वडीलधाऱ्यांना परिचित आहे. मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्माने त्याला हटकले आणि जास्तीचे परत करायला लावले. या कथेचा आध्यात्मिक अर्थ सर्व जण सांगतात. तिच्यातला प्रापंचिक भाग मात्र दुर्लक्षित राहतो: लक्कम्माला घरात रोज किती येते ते माहीत होते, आणि विचारण्याचा अधिकारही तिला होता. मारय्याने तिला ‘तुला काय करायचे?’ असे म्हटले नाही.

आजच्या लक्कम्मा बचतगटांत भेटतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाची नोंद ही पंचसूत्री गावोगावच्या महिलांना तोंडपाठ आहे. शंभर-दोनशेच्या बचतीचा पैसा न् पैसा लिहिणारी बाई घरच्या लाखाच्या कर्जाबद्दल अनभिज्ञ असावी, ही मोठी विसंगती होय. गटात चालणारी पंचसूत्री उंबरठ्याच्या आत का येऊ नये? मुलीच्या लग्नाचा खर्च ठरवताना तिचा आवाज ऐकला गेला, तर मंडप थोडा लहान होईल आणि पुढची चार वर्षे हलकी जातील. लहान मंडपाला नावे ठेवणारे पाहुणे हप्ता भरायला येत नाहीत.

लपवाछपवीचे आणखी एक नुकसान आहे. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून मिळणारे जीवनज्योतीचे दोन लाखांचे विमासंरक्षण आणि २० रुपयांतील अपघाती विमा अनेकांनी घेतलेला असतो, पण घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. कर्ता पुरुष अकस्मात गेला तर वारसांनी मागणीच केली नाही म्हणून हक्काची रक्कम तशीच राहते. ठेवींचेही तेच. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्थांच्या ठेवींना ते नाही. दीड-दोन टक्के जास्तीच्या व्याजासाठी आयुष्याची पुंजी कुठे ठेवली आहे, हे किमान पत्नीला आणि वयात आलेल्या मुलाला सांगितलेले असावे.

वही दहा रुपयांची पुरते. पहिल्या पानावर देणे: कोणाचे, किती, कोणत्या व्याजाने, कधीपर्यंत. दुसऱ्या पानावर येणे. तिसऱ्यावर खाते, विमा, सातबारा आणि ठेवीच्या पावत्या कुठे ठेवल्या आहेत त्याची नोंद. पहिले पान लिहिताना हात अडखळेल, कारण आजवर टाळलेली बेरीज तिथे समोर येते. ती दोघांनी मिळून करावी. आकडा भयंकर निघाला तरी तो एकट्याच्या उशाशी राहत नाही. परवाना नसलेल्या सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यान्वये जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि त्यासाठीही तारखा व रकमा लिहिलेल्या असाव्या लागतात. रात्र सरता सरत नसेल, तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसचे समुपदेशक मराठीतूनही बोलतात. दूरध्वनी विनामूल्य आहे.