अर्शेलचे उदाहरण देणाऱ्यांसाठी

अमेरिकी फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनमनचे नाव समालोचकाच्या तोंडी येते ते बहुधा त्याच्या हातून चूक झाली तरच. पाच जणांची ही भिंत. चेंडू घेऊन पळणे, गुण मिळवणे ही कामे दुसऱ्यांची. यांनी समोरून चाल करून येणाऱ्या सव्वाशे-दीडशे किलोच्या गड्यांना अडवायचे आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंदांची उसंत मिळवून द्यायची. हात जमिनीला टेकवून वाकायचे, चेंडू हलला की उसळी घ्यायची, डोक्याला डोके भिडायचे, आणि जेमतेम श्वास घेऊन पुन्हा तेच.

जॉन अर्शेल हे काम पेन स्टेट विद्यापीठाच्या संघात करत होता. जन्म १९९१चा, कॅनडातल्या विनिपेगचा. वाढला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत. वडील सर्जन, आई वकील. गणिताची पदवी त्याने तीन वर्षांत मिळवली, पाठोपाठ पदव्युत्तरही. लाखाहून जास्त प्रेक्षक मावणाऱ्या बीव्हर स्टेडियममध्ये शनिवारी गार्ड म्हणून धडका घेणारा हा गडी आठवड्यात पदवीच्या मुलांना व्हेक्टर कॅल्क्युलस शिकवायचा. सूर्य, गुरू आणि लघुग्रह यांच्या परस्पर ओढाताणीवरचा त्याचा शोधनिबंध २०१३ मध्ये छापून आला. संघाचा माजी सहायक प्रशिक्षक सँडस्की याच्या बाललैंगिक अत्याचार प्रकरणानंतर २०१२ मध्ये विद्यापीठाला सहा कोटी डॉलर दंड झाला, खेळाडूंना हवे तिथे जायची मुभा मिळाली. हा तिथेच राहिला.

कॉलेज फुटबॉलच्या समर्थकांना यापेक्षा चांगली जाहिरात कुठे मिळणार! खेळ आणि अभ्यास हातात हात घालून चालतात, हा बघा पुरावा. पण त्याची पुढची गोष्ट सांगताना ही मंडळी घाई करतात.

२०१४ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला घेतले. व्यावसायिक खेळाडू झाल्यावरही तो जुनी, सेकंडहँड निसान चालवायचा आणि वर्षाला पंचवीस हजार डॉलरांच्या आत भागवायचा. २०१५च्या सराव शिबिरात डोक्याला जबर मार बसला आणि काही काळ त्याला वरच्या पातळीचे गणित जमेना. तरी तो मैदानात परतलाच. धडक देण्यातली नशा त्याने कधी लपवली नाही. जुलै २०१७ मध्ये मृत खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्यांच्या १११ पैकी ११० मेंदूंत सीटीई हा ऱ्हासाचा आजार आढळला. दोनच दिवसांनी, सव्विसाव्या वर्षी, अर्शेल निवृत्त झाला. आज तो एमआयटीत प्राध्यापक आहे.

त्याला निघता आले, कारण जायला दुसरी जागा तयार होती. बहुतेक लाइनमनकडे ती नसते.

त्याच अभ्यासात फक्त कॉलेजपर्यंत खेळलेल्यांचे ५३ मेंदू होते. ४८ मध्ये हाच आजार निघाला. हे मेंदू दान आलेले, म्हणजे बऱ्याचदा आधीच शंका असलेल्या घरांतले. त्यामुळे हेच प्रमाण सगळ्यांना लावता येत नाही. तरी आकडा झटकून टाकण्याजोगा नाही.

२०२१ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचा पैसाही घेता येत नव्हता. आता विद्यापीठे त्यांना उत्पन्नातला थेट वाटा देऊ लागली आहेत, ठीकच. पण खेळातल्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च कॉलेज सुटल्यावर किमान दोन वर्षे उचलायचा, एवढेच बंधन एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संघटनेने वरच्या गटातल्या विद्यापीठांवर घातले आहे. सीटीईची लक्षणे दिसायला कित्येकदा दशके जातात, आणि पक्के निदान होते ते मृत्यूनंतरच.