उतरणीवरचा हात

व्हिएतनामच्या उत्तर टोकाला, चीनच्या सीमेजवळ, सुमारे १५०० मीटर उंचीवर सापा नावाचे डोंगरी गाव आहे. भोवतीच्या दऱ्यांत ह्मोंग, दाओ, झाय या लोकांच्या वस्त्या आणि त्यांनी डोंगर कोरून केलेली पायऱ्यापायऱ्यांची भातशेती. सप्टेंबरच्या अखेरीस, भात पिवळे पडू लागलेले असताना, आम्ही उभयता तेथे गेलो. यजमानांचे वय ७१, डावा गुडघा झिजलेला. मुलाचा विरोध होता. मी डॉक्टर आहे, या एका वाक्यावर मी तो मोडून काढला.

हनोईहून लाओ कायला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत मी हट्टाने खालचे बर्थ घेतले होते. वयस्कर माणसाची खरी जोखीम अशा प्रवासात पुष्कळदा रात्री दोन वाजता असते. गाडी हलत असते, डोळ्यांवर झोप असते, लघवीची घाई असते. आधी बर्थच्या कडेवर दोन मिनिटे बसावे, मग उठावे. पायांत चप्पल आणि हातात विजेरी असावी. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेऊ नये, ती सकाळीच घ्यावी; वेळ बदलायचीच असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, एवढ्या फरकाने बहुतेक गोळ्यांचे वेळापत्रक बिघडत नाही.

लाओ कायहून मोटारीने सापा, आणि तेथून म्युओंग होआ खोऱ्यात लाओ चाई व ता व्हान या गावांपर्यंत पायी. आमची वाटाड्या ह्मोंग बाई होती. माझ्या खांद्याएवढी उंची, पायांत रबरी बूट, बोटे निळीने रंगलेली. तिचे लोक अंबाडीसारख्या झाडाच्या सालीचा धागा काढतात, कापड विणतात आणि ते निळीत पुन्हापुन्हा बुडवतात. इंग्रजी ती पर्यटकांशी बोलूनच शिकली होती. आदल्या रात्रीच्या पावसाने पायवाटेची माती निसरडी झाली होती. पहिल्याच उतरणीवर तिने यजमानांपुढे हात केला.

“नको, नको. सिंहगड किती वेळा चढलोय मी!” हे मराठीत. तिला त्यातले काय कळले असेल ते असो, तिने हात मागे घेतला.

अर्ध्या तासात ते घसरले. शेताच्या बांधावर बसकण बसली, तळहात खरचटला, बाकी काही नाही. पण त्या वयात तेच पडणे कुशीवर झाले असते तर खुब्याचे हाड, आणि जवळचे मोठे रुग्णालय डोंगराखाली. मी मनगट, खुबा, पाय तपासत होते तेव्हा माझेच हात थरथरत होते. पुढचा सारा रस्ता त्यांनी मुकाट्याने त्या बाईचा हात धरून काटला. गुडघा सुरुवातीपासूनच दुखत होता, हे त्यांनी रात्री सांगितले.

“अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तू परत फिरायला लावलं असतंस.”

लावले असतेच. तरी राग माझा मला आला. निघण्यापूर्वी सहा आठवडे मी त्यांच्याकडून तयारी करून घेतली होती. रोज जिन्याने चौथ्या मजल्यावर चढायचे, आणि गुडघ्याला त्रास नको म्हणून लिफ्टने खाली यायचे! चढताना दम लागतो, म्हणून आपल्याला चढच कठीण वाटतो. उतरताना मात्र मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार आवरून धरत असतो. त्या कामाची सवय नसेल तर तो लवकर थकतो, गुडघा लटपटतो, आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येते. हे पाठ्यपुस्तकातले आहे. मी ते विद्यार्थ्यांना शिकवलेही आहे.

ज्यांच्या घरी असा प्रवास ठरत असेल त्यांनी उतरण्याचाच सराव करावा. कठडा धरून, आरंभी एकच मजला. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना धडका पाय आधी. दोन काठ्या घ्याव्यात आणि उतारावर त्या किंचित लांब कराव्यात. बोटे बुटाच्या टोकावर आदळतात, म्हणून नखे कापलेली असावीत. मधुमेह्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत.

दुसऱ्या दिवशी चालणे रद्द केले. ता फिन गावात लाल दाओ लोक औषधी वनस्पतींच्या काढ्याने लाकडी पिंपात स्नान घालतात, तिकडे मोटारीने गेलो. सुगंध अप्रतिम. पण गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यात रक्तदाबाची गोळी. एकदम उठले तर भोवळ ठरलेली. दहा मिनिटांनी मी त्यांना बाहेर यायला सांगितले. पिंपाच्या काठाशी थांबून या वेळी त्यांनी स्वतःहून हात पुढे केला.

आता आम्ही लिफ्टने वर जातो आणि जिन्याने उतरतो. त्यांचा एक हात कठड्यावर असतो. दुसरा माझ्या हाती द्यायचा की नाही, यावर शेजाऱ्यांची चाहूल घेऊन रोज नव्याने निर्णय होतो.