उजेड आधी कमी करा

गेल्या आठवड्यात पाणवनस्पतींच्या टाकीतल्या मातीविषयी लिहिलं, आणि वाचकांचे प्रश्न आले ते शेवाळाचे. काच हिरवी झाली, पानांना काळी दाढी फुटली, औषध कोणतं टाकू? माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: दिवा कधी लागतो, कधी बंद होतो? उत्तरही बहुधा ठरलेलं. 'सकाळी मुलं शाळेला निघाली की लावतो, रात्री झोपताना बंद करतो.' म्हणजे चौदा-पंधरा तास झाले. वैशाखातला दिवससुद्धा एवढा मोठा नसतो. त्यात टाकी खिडकीशेजारी असली की बघायलाच नको.

उजेड वाढला की झाडांची भूक वाढते. मग कार्बन डायऑक्साइड, नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅशियम, लोह हे सगळं त्याच वेगानं मिळावं लागतं. एकही कमी पडलं तर झाडाची वाढ तिथेच अडते. दिवा मात्र जळतच असतो. शेवाळाची गरज किरकोळ असते, त्यामुळे झाडाला न वापरता आलेला उजेड त्याच्या पथ्यावर पडतो. टाकी स्वच्छ ठेवूनही शेवाळ का येतं, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. म्हणून माझं ठाम मत असं की सीओटूचा सिलिंडर नसेल तर जोरदार दिवा घेऊच नये. दुकानदार तो आग्रहानं देईल, आणि महिन्याभरात शेवाळाचं औषधही तोच विकेल.

दिवा घेताना पहिली चौकशी वॅटची होते. गॅलनमागे अमुक वॅट हा ठोकताळा ट्यूबलाइटच्या जमान्यातला. एलईडीच्या वॅटवरून विजेचं बिल कळतं, झाडाला काय मिळणार ते कळत नाही. ल्युमेन मोजतात ते माणसाच्या डोळ्याच्या हिशोबानं, आणि आपल्या डोळ्याला हिरवा उजेड जास्त प्रखर वाटतो. झाडांच्या कामाचा उजेड ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला. त्याचं माप 'पार'. चांगल्या कंपन्या हा आकडा देतात, तोही किती अंतरावर मोजला ते सांगून. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्ट असली सोशिक झाडं असतील तर तळाशी तीस-चाळीस पार पुष्कळ झालं. ६५०० केल्व्हिनचा साधा पांढरा दिवा त्यांना चालतो. त्यापुढची रंगसंगती आपल्या डोळ्यांच्या हौसेसाठी. दिव्याला डिमर मात्र हवाच. सोबत टायमर घ्या आणि सुरुवातीला सहा तासच ठेवा. संध्याकाळी पाच ते अकरा ठेवलंत तर ऑफिसातून आल्यावर टाकी बघायलाही मिळते.

आपल्याला भुरळ पडते ती ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या टाक्यांच्या फोटोंची. त्या लखलखीत हिरवळीमागे सिलिंडर होता, नेमानं पाणी बदलणं होतं, सततची छाटणी होती. फोटोत त्यातलं काही दिसत नाही. पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडची रोटाला मॅक्रांड्रा फोटोत लालबुंद दिसते, पण सिलिंडरशिवाय घरच्या टाकीत तिची रया जाते.

आता शेवाळाकडे. काचेवरून बोट फिरवा. तपकिरी थर बोटाबरोबर निघून आला तर ते डायटम. नवीन टाकीत ते येतंच, काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यासाठी कसलंही औषध नको. हिरवे ठिपके नखानंही निघत नसतील तर ब्लेडनं खरवडा, दिव्याचा जोर उतरवा आणि खतात फॉस्फेट आहे का ते बघा. पाणीच पोपटी झालं असेल तर टाकी तीन दिवस चादरीनं पूर्ण झाका, मग निम्मं पाणी बदला. काळी दाढी सगळ्यांत चिवट. ती प्रत्यक्षात लाल शेवाळांच्या कुळातली. मेली की गुलाबी पडते, तेव्हा ते दिसून येतं. सीओटू कधी जास्त, कधी कमी होत असेल तर ती हटकून येते. दाढी चढलेलं पान पुन्हा सुधारत नाही, सरळ कापून टाका.

'लिक्विड कार्बन' नावाची बाटली याच दाढीवर खपते. त्यात बहुधा ग्लुटाराल्डिहाइड किंवा त्याचंच भावंड असतं. इस्पितळात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच रसायन. शेवाळ मरतं हे खरं, पण वॅलिसनेरियाही विरघळते, आणि मात्रा जास्त झाली तर मासे जातात.

'शेवाळ खाणारा' म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासा तर नकोच. तो फूटभराच्याही पुढे वाढतो, शेवाळ खातो त्याहून जास्त घाण करतो, आणि कंटाळलेले लोक त्याला नदीत सोडून येतात. त्यापेक्षा अमानो कोळंबी आणा. तिची पिल्लं खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत, त्यामुळे टाकीत गर्दीची भीती नाही. दोन फुटी टाकीला पाच-सहा बस्स. माशांचं खाणं मात्र हात राखून टाका. ते आयतं मिळालं की ही मंडळी शेवाळाकडे ढुंकूनही बघत नाहीत.