कुठं निघालात, बाई?

सायकलवरून जाणाऱ्या पुरुषाला थांबवून कुणी काही विचारत नाही. बाईला विचारतात. "कुठं निघालात?" त्यावर उत्तर असावंच लागतं. शाळेत, बँकेत, दवाखान्यात, माहेरी, मिटिंगला. "कुठं नाही, अशीच" हे उत्तर आपल्या खेड्यापाड्यांत बाईच्या तोंडी शोभत नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही सात जणी नीरेच्या डाव्या कालव्याच्या कडेनं तीन दिवस सायकलवर हिंडलो आणि हे न शोभणारं उत्तर देत राहिलो. लोकांना ते पटेना. "सर्व्हेला आलात काय?" "गटाची वसुली का?" एका आजोबांनी तर आम्ही कोणत्या पक्षाच्या हेही ठरवून टाकलं.

आमच्यात एक अंगणवाडीताई, बचत गटातल्या तिघी, एक निवृत्त शिक्षिका, एक कॉलेजची मुलगी आणि मी. दोघींनी लग्नानंतर सायकलला हात लावलेला नव्हता. गिअरची सायकल एकीकडेच होती, बाकी सगळ्या साध्या लेडीज सायकली. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटरच जायचं ठरलं होतं, आणि तेवढंच गेलो.

कालव्याची वाट निवडली त्याला साधं कारण होतं. पाणी चढ चढत नाही, म्हणून कालव्याची वाटही फारशी चढत नाही. कालवा काढणारे जमिनीची समपातळी धरून, टेकडीला वळसा घालत, डोळ्यांना न दिसणाऱ्या उतारानं पाणी पुढं नेतात. त्यामुळे कडेची 'इरिगेशनची वाट' वळणं भरपूर घेते, पण दम लावत नाही. वीरच्या धरणापासून नीरा, निंबूत, सोमेश्वरनगर करत बारामती आणि पुढं सणसरच्या बाजूला आम्ही असे पाण्याच्या चालीनं गेलो. रब्बीची पाळी सुरू होती, पाट भरून वाहत होता. खंड्या तारेवर बसलेला, बायका दगडावर धुणं आपटत असलेल्या. बाभळीच्या काट्यांनी तीन दिवसांत पाच पंक्चर झाली. ती काढायला आम्ही आधीच शिकून घेतलं होतं, त्यामुळे दुकान शोधत बसावं लागलं नाही.

सावकाश गेलं की मोटारीतून न दिसणारं दिसतं. उजव्या हाताला, कालवा आणि नदी यांच्या मधल्या पट्ट्यात ऊस, ऊस आणि ऊस. डाव्या हाताला, पाटाच्या वरच्या अंगाला, माळ. उत्तरेला सुपे-मोरगावकडे गेलं की जिराईत पट्टा लागतो. पाणी वरच्या अंगाला जात नाही, एवढाच काय तो फरक. पण त्या फरकानं एकीच्या घरात नळ आणि दुसरीच्या डोक्यावर हंडा येतो. मी या तालुक्यांत आठ वर्षं काम करते. हा फरक मला कागदावर पाठ होता. एका बाजूची सावली अंगावर आणि दुसऱ्या बाजूचं ऊन पाठीवर घेत तीन दिवस चालले तेव्हा तो मला जास्त नीट समजला.

ही वाट कुणाची, हाही प्रश्न आहेच. हा कालवा १८७६-७७च्या दुष्काळानंतर झाला. १८८०च्या दशकात त्यातून पाणी वाहू लागलं. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर जेमतेम आण्याएवढे पैसे इतकी खाली आणली. बायकांना त्याहूनही कमी. मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली, हे इतिहासात आहे. बायकांची नावं नाहीत. पुढं १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला आणि पाटी वाहायला आपल्या आयाच होत्या. त्यांतल्या कितीतरी अजून आपल्या बैठकांना येतात. धरणं, तलाव, पाट, रस्ते यांची माती बायकांच्या डोक्यावरून गेली. आज त्या पाटाच्या कडेनं संध्याकाळी फिरतं कोण? पुरुष. मोरीवर बसून गप्पा मारतं कोण? पुरुष. बायका तिथं धुणं घेऊन येतात आणि धुणं संपलं की उठतात.

युरोपात कालव्याकाठच्या सायकलवाटा ही मोठी हौसेची गोष्ट आहे. फ्रान्समध्ये तुलूजपासून समुद्राकडे जाणारा कनाल द्यु मिदी साधारण २४० किलोमीटरचा आहे. रिके नावाच्या माणसानं तो १६६७ ते १६८१ या काळात बांधवला. काठानं घोडे होड्या ओढत जायचे, त्या वाटेवर आता सायकली चालतात. त्याच्या बांधकामावरही शेकडो बायका होत्या. चंद्रा मुकर्जी या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली आपल्या पुस्तकात दाखवलं, की पिरेनीज डोंगरातून आलेल्या शेतकरी बायकांनी नुसती माती वाहिली नाही. पाणी कसं वळवायचं याचं पिढीजात ज्ञानही त्यांनी आणलं. पर्यटक रिकेचं नाव वाचतात आणि पुढं जातात. इतक्या लांबची ही गोष्ट आपल्या किती ओळखीची आहे!

आता मुद्द्यावर येते. बाईला बाहेर पडायला आपल्या समाजानं वाटा ठेवल्यात, पण प्रत्येक वाटेवर कारणाची चौकी आहे. तुकोबांची पालखी याच बारामती-सणसरवरून जाते. वारीत बायका पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर असतात, गातात, फुगड्या घालतात, उघड्यावर झोपतात. कुणी नाव ठेवत नाही, कारण विठ्ठलाचं नाव पाठीशी आहे. मुलींना सायकल मिळते ती शाळेसाठी. बिहारनं २००६मध्ये योजना काढली, आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. चांगलंच आहे, त्यासाठी आपणही भांडलो आहोत. पण मी पाहिलेल्या कितीतरी घरांत बारावी झाली की ती सायकल भावाकडे जाते. कारण संपलं, सायकल संपली. तमिळनाडूत पुदुकोट्टईला १९९१पासून साक्षरतेच्या चळवळीत हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. त्याचे फायदे सांगताना आपण पाणी आणणं, बाजार, वेळेची बचत एवढंच मोजतो. वाचलेला वेळ बाईनं पुन्हा कामातच घालायचा, हे आपणही गृहीत धरलेलं असतं! मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११मध्ये 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात निरर्थक भटकण्याचा हक्क मागितला, तो शहरासाठी. खेड्यातल्या बाईसाठी तो कुणी मागायचा?

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, हे मध्यमवर्गीय चोचले आहेत. आमच्याही बैठकीत हे झालं. "पोटाचे प्रश्न सोडून सहली कसल्या काढता?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. माळेगावच्या अलीकडे ऊसतोडीच्या टोळीशी आम्ही थांबून बोललो. बीडकडची एक बाई, माझ्याहून लहान असेल, मोळी बांधताबांधता म्हणाली, "ताई, मला एक दिस सुट्टी गावली तर म्या सायकल न्हाई चालवायची. झोपन नुसती." नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एक दिवस चुकला की खाडा. पाळी असो, ताप असो. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला, तेव्हा खाड्याचा अर्थ शहरातल्यांना कळला. त्या बाईपुढे सायकलसहलीचं कौतुक सांगायला माझी जीभ धजली नाही.

तरीही मला वाटतं, तिची मागणी आणि आमची मागणी एकाच जातीची आहे. तिला झोपायला वेळ हवा, आम्हाला हिंडायला. दोन्ही वेळ कुणाच्याच उपयोगाचे नाहीत, आणि म्हणूनच ते बाईला मिळत नाहीत. सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा ८८. त्यातही हा आकडा जे पुरुष घरकामाला हात लावतात, फक्त त्यांचाच आहे. मजुरी, पाणी, हिंसा यांवर आपण लढलो, लढतो आहोत. विश्रांतीवर मात्र आपण बोलतो ते शेवटी, वेळ उरला तर. आणि तो उरत नाही! आपल्या कार्यकर्त्याच पाहा ना. सुट्टी घेतली तर आपल्याला अपराधी वाटतं.

भीतीबद्दलही बोललं पाहिजे. माझ्यासारखीला पाट म्हटलं की आधी केस आठवते. मी याच कालव्यावर पंचनाम्याला उभी राहिलेली आहे. सासरच्या छळातून एखादी घर सोडते, तेव्हा विहीर नाही तर पाट. गावातल्या बायका पोरींना "पाटाकडं जाऊ नको" म्हणतात, त्यात वाहत्या पाण्याची भीती असते, पुरुषांची असते आणि ही तिसरीही असते. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्यातली एक, जिची बहीण अशीच गेली, दुसऱ्या दिवशी एका मोरीपाशी सायकलवरून उतरली. बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. आम्ही पुढं गेलो नाही, काही विचारलंही नाही. मग तीच उठली आणि म्हणाली, "चला, उन्हं वर आली."

अडचणी सगळ्या बाईपणाच्याच होत्या. पहिली लघवीची. उसात जायचं तर साप आणि माणूस दोन्हींची धास्ती, म्हणून एक जण राखण. बाजाराच्या गावांत एसटी स्टँडवरचा संडास, त्याचं वर्णन करत नाही. दुसरी मुक्कामाची. एक रात्र एकीच्या आत्याकडे, एक शाळेच्या वर्गात. आत्यानं पोळ्या वाढल्या, पण "यजमान कसे काय सोडतात?" हे तीनदा विचारलं. आमच्या शिक्षिकाबाईंनी "मी विधवा आहे, मला कुणी सोडायचं?" असं सांगितल्यावर तो विषय मिटला.

मागण्या अगदी साध्या आहेत. पाटाच्या वाटेवर दर काही मैलांवर बायकांसाठी पाण्यासकट स्वच्छतागृह. मोऱ्यांना कठडे. कालव्यात पडलेल्याला धरता येईल अशा पायऱ्या आणि साखळ्या. शाळेची सायकल मुलीच्या नावावरच राहील असा ग्रामसभेचा ठराव. आणि ऊसतोड बाईला खाड्याशिवाय आठवड्याची सुट्टी. ही मागणी या यादीत शोभत नाही असं कुणाला वाटलं तर वाटो, मी ती इथंच ठेवणार.

फेब्रुवारीत सणसरपासून खाली इंदापूरकडे जायचं ठरतंय. गटाच्या पैशांतून एक हवेचा पंप घेतला आहे, पंक्चरचं सामान आहे. सायकल नसेल तर दोन जादा मिळतील, साडी नेसून चालवायची असेल तर साखळीला जाळी असलेली आणा. लेकरं बरोबर आणायची नाहीत, हे मात्र बैठकीत बहुमतानं ठरलं आहे.