फावडं नको, थापी हवी

इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या स्टोअरमधून रोज फावडी-घमेली साइटवर जातात. म्हणूनच की काय, बी.कॉम. झालेली भाची ‘उत्खननाला जाते’ म्हणाली, तेव्हा तिची समजूत घालायचं काम ताईने माझ्याकडे दिलं. समजूत घातली मी ताईची!

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. पण हे शास्त्र शिकायचं ते खड्ड्यात उतरूनच. शिरूरजवळच्या इनामगावला याच कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम खणलं. तिथे चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस सापडला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. असं काही फावड्याने निघत नाही. लहान थापी, ब्रश, चाळणी. मग खापरं धुणं, त्यांवर नंबर घालणं, नोंदी. (आमचं रजिस्टर इतकं नीट असतं तर!) नोकऱ्या थोड्या, ही ताईची काळजी मात्र खरी आहे.

आपल्या कतारमध्येही अल झुबारा आहेच. मोत्यांच्या व्यापाराचं हे शहर १८११च्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालं. कोपनहेगन विद्यापीठाच्या पथकाने २००९ पासून तिथे उत्खनन केलं, आणि २०१३मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. दोह्याहून शंभरेक किलोमीटर. थंडीत मुलांना घेऊन जा, पाणी बरोबर ठेवा.